आण्णा, तुम्ही तो ड्रम कापायला लावलात

तीर्थस्वरूप आण्णांस,
साष्टांग नमस्कार.

पुण्याजवळच्या मोशीच्या शेती प्रदर्शनाहून परत आल्यावर तुम्हाला फोन केला, तेव्हा मी आभाराचं बोलायला लागले आणि तुम्ही "ते राहू दे, पॉलिश ड्रमच्या चौकश्या किती आल्या ते सांगा आधी" म्हणून विषयच बदललात. घरी पेढे घेऊन आले तेव्हाही तेच. समोर बसून तुम्ही बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत आमच्यासारखी कितीतरी शेड आहेत. माल चोख आहे, पण प्रदर्शनात उभं राहायची छाती होत नाही. तुम्ही आम्हाला जे दिलंत ते त्यांच्याही कानावर जावं असं मनापासून वाटतं.

अकरा वर्षं आम्ही हळद शिजवायचे वाफेचे कुकर करतो आहोत. पॉलिश ड्रम म्हणजे शिजवून वाळवलेली हळद घासून चकचकीत करायचा. गिऱ्हाईक सगळं मिरज, तासगाव, वाळवा एवढ्यातलं, एकाचं बघून दुसरा येणारा. हळद आता हिंगोली-नांदेडकडे केवढी तरी होते, पण तिकडच्या माणसाला आमचं नाव कुठून ठाऊक असणार? डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं आणि हळद काढणी जानेवारीच्या शेवटापासून पुढे चालू होते. म्हणजे तिथं ठरलेलं यंत्र हंगामाआधी शेतावर पोचवता येतं, हे गणित यांच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं. श्रावणात एका रविवारी आम्ही फॉर्म घेऊन तुमच्याकडे आलो. विचारायचं होतं एवढंच, की जागेचं भाडं आपल्याला झेपेल का.

तुम्ही फॉर्म बाजूला ठेवलात आणि कोरा कागद मागितलात. भाडं, त्यावर 18 टक्के जीएसटी, टेम्पो जाऊन-येऊन, उतरवायला आणि परत चढवायला हायड्रा क्रेन, भोसरीत पाच जणांची राहायची सोय, जेवणखाण, बॅनर, पत्रकं, शेड बंद राहील त्या दिवसांचा कामगारांचा पगार. सगळं लिहून बेरीज केलीत तेव्हा भाडं निम्म्यालाही पोचत नव्हतं. "भाड्याला पैसे आहेत म्हणून जाऊ नका, या बेरजेला असले तर जा," म्हणालात. त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत हिशेब करत बसलो आणि जायचं ठरवलं. कर्ज न काढता गेलो, ते त्या कागदामुळे.

फॉर्ममधल्या विजेच्या रकान्यावर तुमचं बोट थांबलं होतं, तेही आठवतं. आम्ही साधं कनेक्शन लिहिलं होतं. "पॉलिश ड्रमची मोटर थ्री फेज आहे ना? मग तिथं ती फिरणार कशी?" यांनी लगेच खोडून भार किलोवॅटमध्ये नीट लिहिला. तुम्ही बघितलं नसतं तर पाच दिवस तो ड्रम तसाच उभा राहिला असता.

पण खरं शिकवलंत ते पुढे, दिवाळीनंतर शेडमध्ये आलात तेव्हा.

आमचा चार ड्रमचा कुकर नवा रंगवून उभा होता. यांनी हौसेनं सगळं दाखवलं, सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, ट्रॅक्टरला जोडायची चाकं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तिथं जाळ करता येणार आहे का?" नाही. एवढ्या गर्दीत भट्टी कशी पेटवणार? "मग वाफ नाही. वाफ नाही तर शेतकऱ्याला दिसणार काय? चार रंगवलेल्या टाक्या. शेजारच्या स्टॉलवर पण चार टाक्याच असणार." थोडा वेळ तुम्ही ड्रमवर हात ठेवून उभे राहिलात आणि म्हणालात, "यातला एक कापा."

नव्या, वेल्डिंग तपासून झालेल्या स्टेनलेस स्टीलच्या ड्रमवर कटर चालवायला यांचा हात धजेना. दोन दिवस त्यांनी ते काम लांबवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, पेन्सिलनं स्वतः आखून दिलंत, वरपासून तळापर्यंत हातभर रुंदीची फट. कापल्यावर कड ग्राइंडरनं घासून घेतली, तिच्यावर गाडीच्या दाराचं रबर बसवलं, कोणाचा हात कापू नये म्हणून. आतलं सगळं उघडं झालं. मधोमध उभा वाफेचा पाइप, त्याची भोकं, खालची जाळी, पाणी काढायची तोटी. अकरा वर्षं आम्ही ज्या भोकांच्या अंतरासाठी झटलो ती बाहेरून कधी दिसलीच नव्हती, आण्णा. आमच्या कामातलं सगळ्यात चांगलं काम आम्हीच झाकून विकत होतो.

आणि हळद. "यंत्र विकताय, पण शेतकरी हळद बघणार," म्हणालात. डिसेंबरात पीक तयार नसतं, तरी कसबे डिग्रजला दिरांच्या रानातली दोन-चार रोपं उकरायला लावलीत. निम्मी आपल्या कुकरात शिजवली, निम्मी जुन्या पद्धतीनं काहिलीत. दोन परातींत मांडली आणि शेजारी खराट्याच्या काड्या ठेवल्या. काडी विनासायास आरपार गेली की हळद शिजली, ही परीक्षा शेतकऱ्याला आपण सांगायची नसते, तोच आपल्याला सांगतो. काहिलीतल्या काही कंदांत काडी निम्म्यात अडायची, काही अगदी मऊ झालेले. तळाला जास्त शिजतं आणि वर कच्चं राहतं, ते हातालाच कळायचं. कुकरातला कुठलाही कंद घ्या, मोडला की आत शेवटपर्यंत एकच रंग. पाच दिवसांत एवढं बोलून जे पटलं नसतं ते त्या काडीनं पटवलं. परातीतली हळद मध्येच खराब व्हायला लागली, तेव्हा दीर नवी शिजवून घेऊन आले, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोन गोष्टी केल्यात. यांना बाजूला घेऊन म्हणालात, "दराचं बोलणं ताईंना करू दे. कॉस्टिंग त्या करतात, तुम्ही फक्त यंत्र दाखवा." आजवर शेडमध्ये गिऱ्हाईक आलं की मी आत ऑफिसात असायची. मोशीला पहिल्या दिवशी चार जणांनी मला "मालक कुठं आहेत?" असं विचारलं आणि चारही वेळा यांनी माझ्याकडे बोट केलं. ते तुमचं सांगणं होतं. ते मी जन्मभर विसरणार नाही.

दुसरं म्हणजे तुमची वही. तुमच्या पंपांच्या पहिल्या प्रदर्शनातली, लाल पुठ्ठ्याची. निम्मी पानं तुमच्या अक्षरातली, निम्मी कोरी. पहिल्या पानांवर नुसती नावं आणि फोन नंबर, पुढे काहीच नाही. "ही माझी चूक बघा," म्हणालात. "घरी आलो तेव्हा कुणाला काय हवं होतं ते एकही आठवेना." मग कोऱ्या पानांवर रकाने आखून दिलेत. नाव, गाव, तालुका, हळद किती एकर, आत्ता कशी शिजवतात, कधी हवं. आणि पत्रक आधी वाटायचं नाही, वहीत लिहून घ्यायचं, मग हातात द्यायचं. आपली चूक अशी दुसऱ्यापुढे उघडून ठेवणारी माणसं मी फार थोडी बघितली आहेत.

टेम्पो रात्री निघाला. पेठ नाक्याला हायवेला लागलो, खंबाटकी ओलांडेपर्यंत कोणी बोललं नाही. पहाटे मोशीत पोचलो तर हायड्रासाठी गाड्यांची रांग लागलेली. तुम्ही "एक दिवस आधीच पोचा" का म्हणाला होतात ते तिथं कळलं. आमच्या पलीकडच्या स्टॉलचं सामान उद्घाटनाच्या सकाळीसुद्धा उतरतच होतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात. आम्हाला न सांगता. समोरच्या बाजूला उभे राहून तासभर बघत होतात म्हणे. मग आत आलात, पाणी प्यायलात आणि हळूच म्हणालात, "ताई, तुम्ही सगळ्यांना आधी किंमत सांगताय. आधी विचारा, हळद किती आहे." तोपर्यंत मला वाटत होतं, ज्याची हळद आहे तो यंत्र घेणार. पण एक-दोन एकरवाला कशाला घेईल? घेणारा तो, जो हंगामभर गावोगाव भाड्यानं फिरवणार. त्याला किंमतीपेक्षा चाकं कशी आहेत, दिवसाला किती ड्रम निघतात, जळण किती लागतं हे हवं असतं. दुपारनंतर मी बोलणं बदललं आणि वहीची पानं वेगळीच भरायला लागली.

एक गोष्ट मात्र तुम्हीही सांगितली नव्हती, ती बायकांनी सांगितली. वसमतकडच्या पाच-सहा जणी एकत्र आल्या होत्या. त्यांनी पाइप बघितला नाही, काडीही घेतली नाही. एकीनं खाली ठेवलेलं घमेलं उचललं, डोक्यावर घेतलं आणि ड्रमच्या तोंडापर्यंत हात नेऊन बघितला. पोचत नव्हता. "भरणार तर आम्हीच की ओ," म्हणाली. ओली हळद एका ड्रमला अडीच क्विंटलच्या आसपास लागते, ती सगळी घमेल्यानंच चढते. अकरा वर्षांत हा प्रश्न आमच्या शेडमध्ये कोणी विचारला नाही, कारण यंत्र घ्यायला पुरुष यायचे. आता प्रत्येक कुकरला दोन पायऱ्यांचा ओटा जोडतो आहोत. त्याचे पैसे वेगळे घेणार नाही, असं मीच यांना सांगितलं.

हिशेब तुम्हाला तोंडी दिला आहे, पण इतरांसाठी लिहिते. वहीत 214 नावं. आगाऊ रक्कम देऊन तिथंच ठरलेले दोन कुकर. नंतर फोन करून ठरलेले आणखी दोन आणि तीन पॉलिश ड्रम. "आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला फोन," असं तुम्ही बजावलं होतं. मी रोज संध्याकाळी सहा ते आठ बसून ते केले. शेवटच्या पानावरच्या माणसाला सातव्या दिवशी फोन लागला आणि त्यानं कुकर घेतला. तुमच्या बेरजेचा सगळा खर्च निघाला आणि हंगामभर शेड चालेल एवढं काम हातात आलं.

कापलेला ड्रम विकायचा नाही असं यांनी ठरवलं आहे. शेडच्या दाराशी ठेवला आहे. येणारा प्रत्येक जण त्यात हात घालून बघतो.

पहिला कुकर परवा हिंगोलीला रवाना होतोय. तुमची लाल वही घेऊन रविवारी येते. तुमच्या पानांना मी हात लावलेला नाही, आमची पानं त्यांच्या मागेच आहेत. शेवटी सात पानं कोरी राहिली आहेत. परवा शेजारच्या शेडमधला कडबाकुट्टीवाला मुलगा विचारत होता, प्रदर्शनाला जायचं तर कुणाला भेटू. मी त्याला तुमच्या घराचा रस्ता सांगितला आहे. रविवारी तोही बरोबर येईल.

आपली,
पलीकडच्या शेडमधली ताई