उंट चुकीचा कसा?

रविवारच्या पुरवणीत मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या लेखात मोहऱ्यांची नावे ‘बिशप’, ‘नाइट’, ‘रूक’ अशीच छापली असून ‘उंट हे नाव चुकीचे आहे’ अशी पुस्तीही जोडली आहे, ती पटली नाही. या मोहऱ्याला, म्हणजे बिशपला, सर्वमान्य असे एकच नाव कधीच नव्हते. बुद्धिबळाचे जुने भारतीय रूप असलेल्या चतुरंगातला हा हत्ती फारसीत ‘पील’ आणि अरबीत ‘फील’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘अल्फिल’ म्हणून उरला, आणि रशियन लोक तर आजही त्याला ‘स्लोन’, म्हणजे हत्तीच म्हणतात. फ्रेंचांनी त्याचा विदूषक केला, जर्मनांनी धावक, इंग्रजांनी धर्मगुरू. आपल्याकडे हत्ती कोपऱ्यात रथाच्या जागी गेला आणि इथे उंट आला. मग एकटे इंग्रजी नाव बरोबर कसे?

आमच्या चाळीच्या गॅलरीत माझी नात ‘घोडा अडीच घरं, उंट तिरका’ असे पुटपुटत पट मांडते, तेव्हा नावासोबत तिला चालही आठवते. स्पर्धांत चाली लिहिताना सहसा इंग्रजी अक्षरे वापरतात, हे मान्य आहे. पण ती कंसात द्यावीत आणि पुढील भागापासून मराठी नावे आधी छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, दादर, मुंबई