प्राजू, तुझ्या ग्रेनेडाबद्दल

प्रिय प्राजू,

फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो बाबा, माहितीये बाबा" करून मला गप्प करतेस, म्हणून हे टाइप करून पाठवतोय, विमानात वाच, तिथे पळून जाता येणार नाही.

तुझी अॅडमिशन झाल्यापासून गावात जो भेटेल तो विचारतो, लेक कॅनडाला ना? मी म्हणतो कॅनडा नव्हे हो, ग्रेनेडा, मग त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मला तरी कुठे माहीत होतं म्हणा, क्रिकेटमुळे वेस्ट इंडिज हा एकच देश असं आपल्या डोक्यात बसलंय. टीम एक, देश बरेच, आणि हा त्यातला अगदी छोटा, सगळी बेटं धरून ३४४ चौरस किलोमीटर, आपला दापोली तालुका याहून मोठा आहे. माणसं सव्वा लाखाच्या आत.

पण मी अडकलो तो झेंड्यापाशी. झेंड्यावर हिरव्या त्रिकोणात चक्क जायफळ आहे! तडकलेलं फळ, आत लाल जायपत्री, आपल्या विहिरीजवळच्या झाडाला लागतं तस्संच. लोक झेंड्यावर सिंह लावतात, गरुड लावतात, यांनी जायफळ लावलं, मला तर देश तिथेच आवडला. झाड मूळचं तिथलं नाही, इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं, एकोणिसाव्या शतकात तिकडे गेलं आणि असं रुजलं की २००४ पर्यंत जगात इंडोनेशियाखालोखाल यांचा नंबर होता.

आणि मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं. त्याआधीचं मोठं वादळ १९५५ चं, जॅनेट, म्हणजे मधे जवळपास पन्नास वर्षं गेलेली, लोकांना वाटायला लागलं होतं की वादळं आपल्या वरनं निघून जातात. ३९ माणसं गेली, दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं आणि जायफळाच्या बागांचीही तीच गत. हे वाचताना मला दुसरं काही दिसेचना गं, ३ जून २०२०च दिसत होतं. निसर्ग. तू आठवीत होतीस, पडवीचे पत्रे उडत होते आणि तू आजीचा हात धरून माजघरात बसली होतीस. दुसऱ्या दिवशी आपण वाडीत गेलो, पोफळी मधोमध मोडलेल्या, आणि आजोबांनी लावलेली अकरा जायफळं मुळासकट आडवी, कारण त्याची मुळं वरवरच असतात. बाकी झाडांचं ठीक आहे, पण बी लावलं तर जायफळ सात-आठ वर्षांनी फुलणार आणि तेव्हा कुठे कळणार नर आहे की मादी, नर निघालं तर एवढी वर्षं खत-पाणी घालून हातात काय? आपल्याला निदान दापोली विद्यापीठाची कलमं मिळाली. तिकडे बऱ्याच शेतकऱ्यांनी कोकोच लावला, तीन-चार वर्षांत हातात काहीतरी येतं, त्यांना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. मीही केळीच लावल्या ना आधी. बरं, त्यांना दहा महिन्यांत दुसरं वादळ, एमिली, आणि २०२४ च्या १ जुलैला बेरिलने त्यांचं कॅरियाकू बेट झोपवलं. सीझन जून ते नोव्हेंबर असतो, हॉस्टेलवाले सांगतील तसं वाग, पुढारीपणा करू नको.

इतिहास फार सांगत नाही. पण ज्या धावपट्टीवर तू उतरशील ती १९८३ साली भांडणाचं एक कारण होती, क्यूबाचे लोक बांधत होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन म्हणायचे ही लष्करासाठी आहे. पंतप्रधान मॉरिस बिशपना त्यांच्याच लोकांनी १९ ऑक्टोबरला गोळ्या घातल्या, सहा दिवसांनी अमेरिकन सैन्य उतरलं, आणि एक कारण दिलं की तिथे शिकणारी आमची मेडिकलची मुलं अडकलीत. आता विमानतळाला बिशपचंच नाव आहे.

आपली माणसंही तिथे आधीच पोचलीत. मेडस्टोन नावाचं जहाज १ मे १८५७ ला मजूर घेऊन लागलं, म्हणजे इकडे मेरठला उठाव व्हायच्या नऊ दिवस आधी. भाषा गेली, रोटी आणि करी राहिली.

जेवणाचं आईने टेन्शन घेतलंय, तिला मी सांगितलं की त्यांचं ऑइल डाउन म्हणजे नीरफणस, नारळाचं दूध, अळूची पानं आणि हळद, सगळं आपल्या परसातलं. फक्त खारवलेलं मांस घालतात ते आधी विचारून घे. आणि हळदीला तिथे सॅफरन म्हणतात, केशर समजून उगाच खूश होऊ नको.

हां, आणि २०२२ ला आपल्या नीरजला ९०.५४ मीटर फेकून मागे टाकणारा अँडरसन पीटर्स तिथलाच. त्या दिवशी सकाळी सकाळी टीव्हीसमोर मी त्याला काय काय बोललो होतो ते तिथे कुणाला सांगू नकोस.

सुट्टी मिळाली की गुआव्हला जाऊन ये, तिथे जायफळ वाळवायचं नि निवडायचं जुनं केंद्र आहे. कुणी शेतकरी भेटला तर विचार, वादळात कललेलं झाड उभं करून ते परत जगवतात का आणि कसं. आपलं विहिरीजवळचं अजून तिरकंच आहे, टेकू देऊन ठेवलंय.

आणि ती मिलिटरी प्रिंटची ट्रॅक पँट बॅगेतून काढ. तिथे साध्या माणसांनी असले कपडे घालणं कायद्याने बंद आहे. काढली की फोटो पाठव, आई विचारतेय.

तुझा बाबा