‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला जाऊ नये यासाठी

महोदय,

माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) आता एका वाक्यापुरते उरले आहे: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देणे बंधनकारक नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने हा बदल केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो लागू झाला. आधी नकार द्यायचा तर त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, अथवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणावर अनाठायी आक्रमण होते, असे दाखवावे लागे. तरीही व्यापक जनहित दिसले तर माहिती देता येत असे. संसदेला वा विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. आता यातले काहीच उरलेले नाही.

हा बदल घातक का, हे सरकारी कामावरच्या मजुरांच्या हजेरीपत्रकावरून कळते. राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी डिसेंबर १९९४ मध्ये पहिली जनसुनवाई झाली. तिथे सरकारी कामांच्या नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या गेल्या आणि खोटेपणा उघडा पडला. माहिती अधिकाराच्या चळवळीला बळ मिळाले ते अशा सुनावण्यांतून. हजेरीपत्रकातील नाव झाकले की तपासायला फक्त आकडा राहतो, आणि नुसता आकडा नेहमीच जुळवता येतो. घरकुलाच्या यादीचे, शिष्यवृत्तीचे, पीक नुकसानभरपाईचेही तेच.

तरीही अर्ज करणाऱ्यांनी हात टेकू नयेत. कलम ८(२) शाबूत आहे. माहिती उघड करण्यातले जनहित तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर कलम ८(१) मधले अपवाद बाजूला ठेवून ती देण्याचा अधिकार हे कलम सार्वजनिक प्राधिकरणाला, म्हणजे त्या कार्यालयाला वा संस्थेला देते. मात्र ‘प्राधिकरणाला’ या शब्दामुळे अर्जाला उत्तर देणारा जनमाहिती अधिकारी ‘मला हा अधिकार नाही’ म्हणून हात झटकू शकतो. म्हणून अर्जातच लिहावे: ‘कलम ८(२) नुसार निर्णयासाठी हा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्यापुढे ठेवावा.’ कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण द्यावे लागत नाही, हे खरेच. पण जिथे व्यक्तींची नावे हवी आहेत तिथे कारण न सांगण्याचा हट्ट आता अंगलट येतो. जनहित कोणते, ते एका वाक्यात मांडावे: सार्वजनिक निधीतून दिलेले अनुदान पात्र व्यक्तीलाच मिळाले का, याची पडताळणी. ‘भ्रष्टाचार उघड करायचा आहे’ एवढेच लिहून भागत नाही.

दुसरा भक्कम आधार कलम ४(१)(ख) चा. त्यातील सतरा बाबी कोणी मागण्याआधीच जाहीर करणे प्रत्येक कार्यालयावर बंधनकारक आहे. दहावी बाब अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या मासिक वेतनाची आहे, बारावी अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांच्या तपशिलाची आणि तेरावी सवलती, परवाने, परवानग्या मिळालेल्यांची. त्यामुळे लाभार्थ्यांची यादी मागताना ‘यादी द्या’ एवढेच न लिहिता ‘कलम ४(१)(ख) मधील बाराव्या बाबीनुसार प्रसिद्ध केलेली यादी द्या’ असे लिहावे. जे आधीच जाहीर करायचे आहे ते वैयक्तिक म्हणून नाकारणे कार्यालयाला अवघड जाते.

बरेच अर्ज मात्र ‘वैयक्तिक माहिती’च्या मुद्द्यापर्यंत पोचायच्या आधीच बारगळतात, कारण त्यांत प्रश्न विचारलेले असतात. ‘रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ याचे उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ‘का’चे उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये दिला आहे. म्हणून कागद मागावा, तोही नाव घेऊन: त्या रस्त्याचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणीचे अहवाल. कामाचे नाव आणि वर्ष न चुकता घालावे. मोजमाप पुस्तिकेतली खडीकरणाची जाडी आणि रस्त्यावरची प्रत्यक्ष जाडी ताडून पाहिली की ‘का’चे उत्तर बहुधा तिथेच सापडते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. पाणी, रस्ता आणि बांधकाम परवाना एकाच ‘जोडपत्र अ’मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, कोंबू नयेत. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज हातावेगळा करू नये.

कागद नेमके कोणते हे ठाऊक नसेल तर आधी अभिलेख पाहावेत. जिल्हास्तरीय कार्यालये आणि महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाने २०१८ मध्ये परिपत्रकाने सांगितले आहे. ही सोय फार कमी लोक वापरतात. फाइल डोळ्यांखालून घातली की टिप्पणीची पाने आणि जावक क्रमांक टिपून घेता येतात, मग अर्जात मोघमपणा राहत नाही.

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर कायद्याने तो नकारच धरला जातो. पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह ‘जोडपत्र ब’मध्ये प्रथम अपील करावे. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क असते, हेही अपिलात नमूद करावे. नकार आलाच तर अपिलात तीन मुद्दे हवेत. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे. कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला कागद द्यावाच लागतो. आणि कलम ८(२) वर निर्णयच झाला नसेल, तर तो घ्यायला सांगावे. माझ्या मते तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि नेमका तोच बहुतेक अपिलांत राहून जातो. प्रथम अपिलाच्या निर्णयानंतर माहिती आयोगाकडे जायला नव्वद दिवस मिळतात. आयोगापुढे उभे राहताना अर्जाची पोच, नकाराचे पत्र आणि प्रथम अपिलाचा आदेश हे तिन्ही कागद जोडलेले असावेत.

ग्रामपंचायती व नगरपालिकांना एक जाहीर विनंती आहे. बाराव्या आणि तेराव्या बाबींच्या याद्या सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर नावांसह लावाव्यात आणि दर तिमाहीला अद्ययावत कराव्यात. त्यासाठी कोणाच्या अर्जाची वाट पाहायची गरज नाही.

— एक वाचक, सांगली