शेततळ्यात दोर सोडा

संपादक महोदय,

आमच्या सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागा शेततळ्यांवर तगून आहेत. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि रानोमाळ प्लास्टिक अंथरलेली तळी दिसू लागली. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, मग सुट्टीतल्या पोरांना पोहायला तेवढंच पाणी उरतं.

आमची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. पण विहिरीला पायऱ्या असतात, कपारीत बोटं रुतवता येतात. शेततळ्यात धरायला काहीच नसतं. उतारावरच्या ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि पट्टीचा पोहणाराही तिथे हरतो.

गेल्या मे महिन्यात माझा चौदा वर्षांचा पुतण्या असाच अडकला. काठ हाताच्या अंतरावर. तो गुडघा टेकवायचा, वीतभर वर यायचा आणि घसरून पुन्हा पाण्यात. ओरडतही नव्हता, कारण ओरडायला दमच उरला नव्हता. मी उडी टाकणार तोच आमच्या वाटेकऱ्याने मला दंडाला धरून मागे ओढलं आणि ठिबकची नळी दुहेरी करून पाण्यात फेकली. तिला धरून पोरगा वर आला. मी उडी टाकली असती तर दोघंही आतच राहिलो असतो. एकाला वाचवायला गेलेला दुसराही बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतोच.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बांधाबाहेर लोखंडी खुंट ठोकले आणि हात-हातभर अंतरावर गाठी मारलेले नायलॉनचे दोर चारही बाजूंनी तळापर्यंत सोडले. रिकामे कॅन बांधून तेही पाण्यावर तरंगत ठेवले. प्लास्टिक फाटेल म्हणून कुणी शिडी सोडत नाही, पण दोराने प्लास्टिकला काही होत नाही. बागेच्या एका फवारणीलाही याहून जास्त पैसे जातात.

कृषी खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. अनुदानासाठी तळ्याची मापं घेता, तेव्हाच दोर आणि कुंपण आहे का तेही बघा. नसेल तर पैसे थांबवा. गुरुजींनी सुट्टी लागण्याआधी पोरांना शेततळ्याचा हा धोका समजावून सांगावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नये, पोट दाबू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावं आणि १०८ ला फोन लावावा, हेही शाळेतच शिकवावं.

परीक्षा संपत आल्या आहेत. सुट्ट्या लागायच्या आत हे पत्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक डाळिंब उत्पादक शेतकरी,
ता. सांगोला, जि. सोलापूर