किडा ओळखण्याचे काम मोजायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राध्यापकांच्या रिक्त पदांची चर्चा सर्वत्र सुरू असताना, त्या पदांसाठी उमेदवार कोणत्या मापाने मोजले जातात, याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

मी परोपजीवी गांधीलमाश्यांच्या कॅल्सिड गटावर पीएच.डी. करीत आहे. गांधीलमाशी म्हटले की ऐकणारा दोन पावले मागे सरतो. पण या बहुधा दोन-तीन मिलिमीटरांच्या असतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. दुसऱ्या किड्याच्या अंड्यात किंवा अळीत आपले अंडे घालायचे आणि पिल्लू तिच्यावर पोसायचे, हा त्यांचा जीवनक्रम. पदवीच्या शेवटच्या वर्षी रत्नागिरीजवळच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) पिवळ्या थाळ्यांत साबणाचे पाणी भरून ठेवले होते. संध्याकाळी गाळणीत जे उरले, त्यातील चतुर, भुंगेरे आमच्या सरांनी लगेच ओळखले. चिमूटभर गांधीलमाश्यांपुढे मात्र त्यांनी प्रामाणिकपणे हात टेकले. त्या चिमटीपायी मी या विषयात आले.

त्यानंतरचा बराच काळ पंखांवरील शिरा आणि शृंगिकांचे (डोक्यावरच्या मिशांचे) खंड मोजण्यात गेला. या गटातील अनेक नावे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस वॉकर यांनी दिलेली आहेत. त्यांची वर्णने कधीकधी इतकी त्रोटक असतात, की लंडनच्या संग्रहालयातील मूळ नमुना पाहिल्याशिवाय आपल्यासमोरची माशी तीच की दुसरी, हे सांगता येत नाही. (सुदैवाने आता काही नमुन्यांची छायाचित्रे मागवता येतात.) एका प्रजातीचा निर्णय व्हायला कधी वर्षही लागते.

असे असताना एका मुलाखतीत मला एवढेच विचारण्यात आले, की तुमच्या निबंधांचा इम्पॅक्ट फॅक्टर किती? हे माप खरे तर नियतकालिकाचे; त्यातील मागील दोन वर्षांतील निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून ते काढतात. प्रजातीचे वर्णन मात्र पन्नास वर्षांनीही उघडावे लागते आणि ते नाव वापरणारे मूळ निबंधाचा उल्लेख क्वचितच करतात. 2020 मध्ये तर ‘झूटॅक्सा’ हे प्राणिवर्गीकरणातील प्रमुख नियतकालिक स्वतःचेच संदर्भ फार देते, म्हणून इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून वगळले गेले आणि जगभरच्या अभ्यासकांनी निषेध केल्यावर पुन्हा घेतले गेले. वर्गीकरणाचे निबंध जिथे छापले जातात, संदर्भही तिथलेच येणार, हे आधी कोणाच्या लक्षात आले नसावे.

ओळखण्याच्या या कामाकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत शेतकऱ्यालाही मोजावी लागेल. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात 2008 मध्ये कोइमतूरला आढळला. तो नेमका कोणता, हे ठरले म्हणून त्याचा नैसर्गिक शत्रू शोधता आला आणि 2010 मध्ये ‘ॲसेरोफेगस पपई’ ही कॅल्सिड माशी पोर्तो रिकोहून बंगळुरूला आणता आली. ओळख चुकली असती, तर दुसरीच माशी आणून सोडली गेली असती.

म्हणून निवड समित्यांच्या गुणांकनात नव्या प्रजातींची वर्णने, ओळखतक्ते आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संस्थांकडे जमा केलेले नमुने यांना स्वतंत्र गुण असावेत, अशी माझी विनंती आहे. सड्यावरच्या अकरा प्रजाती अजून माझ्या कपाटात अल्कोहोलच्या बाटल्यांत निनावी पडून आहेत आणि माझ्या शिष्यवृत्तीचे सात महिने उरले आहेत.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, रत्नागिरी
(कृपया नाव छापू नये.)