बीपीची वही आणि पाण्याची वही : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

धुळे जिल्ह्यात, तापीपासून चालत अर्ध्या तासावर असलेल्या एका गावात मी गेली बावीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवतो. पूर्वी माझ्याकडे खपायचं ते तापाचं, जुलाबाचं, खरजेचं औषध. आता सकाळी शटर वर केलं की पहिली तीन-चार गिऱ्हाइकं बीपीच्या गोळीची असतात, आणि त्यात चाळिशीच्या आतले मजूरही असतात.

गल्लीतल्या एका आजींना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आमच्या खानदेशात हे सोपं नाही. उडदाचे पापड, कुरडया, ठेचा, शेवभाजी, सगळ्यात मीठ. तरी आजींनी पापड-लोणचं सोडलं. दोन महिन्यांनी चिठ्ठी घेऊन आल्या, तर गोळी वाढवलेली. मला म्हणाल्या, "भाऊ, बोअरनं पानी आते खारं लागस. दाय बी शिजस नही." (बोअरचं पाणी आता खारं लागतं, डाळही शिजत नाही.) तोवर पाण्यातल्या मिठाचा विचार मीही केला नव्हता, डॉक्टरांनीही नाही.

सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. कारखान्याच्या पाण्याने कातडीला खाज सुटते, मासे मरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच पाण्याचा हृदयाशी संबंध असतो हे कोणी बोलत नाही. शिसं शरीरात कॅल्शियमची जागा घेतं, हाडांत वर्षानुवर्षं दडून बसतं आणि रक्तदाब वाढवतं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं, आणि रक्तदाबाचा लगाम बऱ्याच अंशी मूत्रपिंडाच्याच हाती असतो. आर्सेनिक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये या तिन्ही धातूंना हृदयविकाराचे धोके म्हणून गणावं, असं निवेदनच काढलं. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर आर्सेनिकवाल्या विहिरींचं पाणी पिणाऱ्यांचे पाय काळे पडून सडत. तिथे त्या रोगाला 'काळ्या पायाचा रोग' असंच नाव पडलं, आणि त्याच पट्ट्यात हृदयविकाराने होणारे मृत्यूही जास्त होते. तो आर्सेनिक जमिनीतला होता, कारखान्याचा नव्हता. पण रक्तवाहिनीला त्याने काय फरक पडतो?

मिठाची गोष्ट वेगळी, आणि आमच्या भागात मला ती जास्त जवळची वाटते. सुती कापड रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून हौदात पोत्यांनी मीठ घालतात. रंग कापडावर जातो, मीठ पाण्यात राहतं. सांडपाण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत घाण आणि बराचसा रंग निघतो, विरघळलेलं मीठ निघत नाही. त्याला आरओ आणि नंतर आटवण्याची यंत्रणा लागते, आणि ती खर्चिक असते. म्हणजे नाल्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी ते खारं असू शकतं. तमिळनाडूत तिरुपूरच्या नोय्यल नदीचं हेच झालं. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाई युनिटं बंद करायला लावली, सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था होईपर्यंत.

आता एक हिशोब. पाण्यातल्या मर्यादा ठरवताना जागतिक आरोग्य संघटना साधारणपणे असं धरते की ६० किलोचा माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो. आपण मे महिन्यात कधी शिंदखेडा किंवा भुसावळच्या शिवारात दुपारी उभे राहिला आहात का? पारा ४५ अंशांवर असतो. निंदणी, खुरपणी किंवा केळीची कापणी करणारा माणूस ६ लिटर सहज पितो, कधी जास्तही. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर 'मर्यादेत' असलेलं पाणी प्यायलं तरी आमच्या मजुराच्या पोटात मुंबईच्या कचेरीतल्या माणसाच्या तिप्पट शिसं जातं. लिटरमागे २०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर पाण्याची चव जेमतेम बदलते. पण ६ लिटरमध्ये ते १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ झालं. दिवसभराचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं असं तीच संघटना सांगते. घामातून मीठ जातं ना, असं कोणी म्हणेल. जातं, शेतातल्या माणसाचं जातं. घरात बसलेल्या आजींचं आणि सातव्या महिन्यातल्या सुनेचं तेवढं जात नाही.

सगळं कारखान्यांवर ढकलायला मी बसलेलो नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा निसर्गाचा आहे, आणि ती पूर्णा चांगदेवला तापीलाच मिळते. आमच्याकडच्या बोअर खोल गेल्या, खतं वाढली, तंबाखू आहे, कर्जाने उडालेली झोप आहे. माझ्या गिऱ्हाइकांचं बीपी पाण्यामुळेच वाढलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. म्हणूनच तर मोजा असं म्हणतो. "इथलं पाणी मूळचंच खारं," हे कारखान्याचं ठरलेलं उत्तर असतं, आणि आधी कोणी मोजलंच नसल्यामुळे ते खोडताही येत नाही.

मोजणी कशी होते, तेही सांगतो. आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला एक युनिट आहे. नाव लिहीत नाही. नाल्याचा रंग बदलला तेव्हा आम्ही मे महिन्यात एका कार्यालयात अर्ज दिला. नमुना घ्यायला माणूस आला तो ऑगस्टमध्ये, नाला दुथडी भरून वाहत असताना. पाण्याच्या विकतच्या रिकाम्या बाटलीत त्याने नमुना भरला. धातू तपासायचे तर बाटलीत आम्ल घालून नमुना टिकवावा लागतो, हे मला दुकानात बसूनही ठाऊक आहे. दीड महिन्याने अहवाल आला : सर्व घटक मर्यादेत. पुराच्या पाण्यात दुसरं काय येणार!

ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या स्वच्छतेचं हिरवं कार्ड आहे. ते मिळालं याचा आम्हाला अभिमानही आहे, पण ते पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर आहे का, विहिरीभोवती घाण आहे का, साथीचा धोका किती, एवढंच सांगतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना तपासणीच्या पेट्या वापरायला शिकवलं. चांगलं काम आहे. त्या पेटीत पाण्याचा सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट कळतं. शिसं आणि कॅडमियम कळत नाही. आणि आमच्या खानदेशातला जळगाव तर पाइपांचा जिल्हा. पीव्हीसी पाइपांतल्या शिशावर बंधन घालणारे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. त्याआधी जमिनीत गाडलेल्या पाइपांतलं पाणी कोण तपासणार?

इकडे आशाताई तिशीपुढच्या माणसांच्या बीपीची नोंद वहीत ठेवतात. तिकडे जलसुरक्षक पाण्याचा नमुना पाठवून त्याच्या वहीत लिहितो. दोघं एकाच गावचे, कधीकधी एकाच गल्लीतले. पण पहिली वही आरोग्य खात्याकडे जाते, दुसरी पाणीपुरवठ्याकडे, आणि कारखान्याला प्रदूषण मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची फाइल आपल्याकडे. बावीस वर्षांत या तिघी एका टेबलावर आलेल्या मी पाहिल्या नाहीत. हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिलं ते यासाठीच. बीपी तिकडे कळतं, पण नळाची चावी आपल्या हातात आहे.

मागणी मोठी नाही. नरडाणा, अवधान, नवापूर, जळगाव, भुसावळ अशा औद्योगिक वसाहतींच्या उताराला असलेल्या पिण्याच्या विहिरी आणि बोअर निवडा. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी, सोडियम, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि क्रोमियम तपासा. आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, नुसतं 'मर्यादेत' असं लिहू नका. त्याच गावांच्या बीपीच्या नोंदी आणि दूरच्या, उद्योग नसलेल्या गावांच्या नोंदी शेजारी ठेवून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून तपासून घ्या. आकड्यांत काही निघालं नाही तर आमची शंका फिटेल, कारखान्यांवरचा ठपकाही जाईल. निघालंच तर आधी त्या गावाला दुसरं पाणी द्या, चौकशी मागाहून करा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगूनच ठेवलं आहे की सांडपाणी प्रक्रिया चालू नसेल तर कारखाना चालू ठेवता येणार नाही. नवा कायदा कोणी मागत नाही.

उशीर झाला, आता काय उपयोग, असंही वाटू देऊ नका. चिलीतल्या अँटोफागास्ता शहराने १९५८ पासून १९७० पर्यंत भरपूर आर्सेनिक असलेलं नदीचं पाणी प्यायलं. मग शुद्धीकरण केंद्र बसलं. कर्करोगाचे मृत्यू त्यानंतरही कित्येक वर्षं वाढत राहिले. हार्ट अटॅकचे मृत्यू मात्र त्यामानाने लवकर उतरले.

एकच विनंती. नमुना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. तेव्हा विहीर तळाला गेलेली असते, आणि नाल्यात पावसाचा थेंब नसतो, असतं ते फक्त वरून सोडलेलं पाणी. माणूस कधी येणार ते आदल्या दिवशी कळवलंत तर मी दुकान बंद ठेवून त्याला नाल्यापर्यंत घेऊन जाईन. आणि त्या आजींच्या बोअरवरही.

आपला,
तापीकाठचा एक मेडिकल दुकानदार