दोनदा ओतलेली माती

कराड

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गात मर्विन बिशप या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराच्या त्या फोटोवरून वाद झाला, पंतप्रधान एका आदिवासी पुढाऱ्याच्या हातावर माती ओतताहेत तो, आणि तेव्हापासून तू अस्वस्थ आहेस. फोटो सांगून काढून घेतला असेल तर तो खरा कसा, हा तुझा प्रश्न. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो नाही, म्हणून लिहायला बसलो. तू पाठवलेलं सगळं मी वाचलं, शिवाय स्वतःही बरंच शोधून वाचलं. जमिनीच्या कागदपत्रांत हयात गेलेल्या माणसाला त्या फोटोत जे दिसतं ते तुला सांगायचं आहे.

आधी त्या दिवसाबद्दल. 16 ऑगस्ट 1975. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत वॉटी क्रीक नावाची जागा, तिथले मूळचे आदिवासी, गुरिंजी लोक, तिला डागुरागू म्हणतात. त्याच्या नऊ वर्षं आधी, ऑगस्ट 1966 मध्ये, जवळच्या वेव्ह हिल या पशुपालनाच्या अफाट वाड्यावर राबणारे दोनशेच्या आसपास गुरिंजी लोक, गुराखी, घरकाम करणाऱ्या बाया, पोरंबाळं, सगळे काम टाकून चालते झाले. जमीन पिढ्यान् पिढ्या त्यांची, पण ताबा व्हेस्टी या इंग्रज कंपनीचा. राबणाऱ्यांना गोऱ्या कामगारांच्या मानाने नाममात्र मजुरी आणि शिधा. पुढारी होते व्हिन्सेंट लिंगियारी. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की भांडण मजुरीचं आहे. लवकरच कळलं की त्यांना त्यांची जमीन हवी आहे. त्या मागणीवरून ते हटले नाहीत.

नऊ वर्षांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम कागद घेऊन आले. कागद दिल्यावर त्यांनी खाली वाकून मूठभर माती उचलली आणि लिंगियारींच्या हातावर ओतली. आपल्याकडे दान देताना हातावर पाणी सोडतात, ते मला पटकन आठवलं. पण सायली, इथे दान नव्हतं. ज्याचं होतं त्याला ते परत मिळत होतं, म्हणून पाण्याऐवजी त्याच जमिनीची माती.

हा सोहळा झाला मांडवाच्या सावलीत. बिशप तेव्हा केंद्र सरकारच्या आदिवासी खात्याचे छायाचित्रकार होते आणि त्या अंधुक उजेडात त्यांना हवं ते मिळत नव्हतं. त्यांनी दोघांना विनंती केली, बाहेर उन्हात येऊन पुन्हा एकदा कराल का? दोघं आले. व्हिटलमनी पुन्हा माती घेतली, पुन्हा ओतली. आज सगळं जग ओळखतं तो रंगीत चौकोनी फोटो या दुसऱ्या वेळचा आहे. मागे निळंभोर आकाश, एक उंचापुरा सुटातला माणूस, समोर टोपी घातलेला म्हातारा, आणि एका हातातून दुसऱ्या हातात पडणारी लाल माती.

बिशप यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. त्यांनी ती स्वतःच मुलाखतींतून सांगितली आहे. मला यातलं महत्त्वाचं एवढं वाटतं की फोटोग्राफरने घटना घडवली नाही. ती घडून गेली होती, शेकडो माणसांच्या साक्षीने. त्यांनी जागा आणि उजेड बदलला, तेही दोघांच्या संमतीने. व्हिटलम आलेच नसते आणि त्यांच्यासारख्या कुणाला उभं करून फोटो काढला असता, तर ती लबाडी ठरली असती. तुझ्या वर्गातल्या मुलांना हा फरक नीट समजावून सांग. आणि तू कधी कुणाला म्हणालीस की आजोबा, जरा पुढे उजेडात या, तर फोटोखाली तसं लिही. त्याने फोटोचा काडीचाही मान कमी होत नाही.

आणखी एक. क्षण पकडता येत नव्हता म्हणून बिशप यांनी तो पुन्हा करून घेतला, असं कुणी म्हणालं तर त्यांचा 1971 चा फोटो समोर ठेव. सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट भागातलं सेंट मार्गारेट हॉस्पिटल. गोळ्या गिळल्याचा संशय असलेल्या एका लहान मुलाला छातीशी घेऊन एक नन धावत आत निघाली आहे. तिच्या झग्याचा घोळ, चेहऱ्यावरची घाई, लोंबकळणारं पोर. तो एका सेकंदाचा फोटो आहे. तिथे कुणाला 'पुन्हा एकदा' म्हणायची सोय नव्हती. त्या फोटोसाठी त्यांना त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम वृत्तछायाचित्रकार म्हणून गौरवलं गेलं. दोन्ही फोटो एकाच माणसाचे आहेत. कधी थांबायचं आणि कधी नुसतं बटण दाबायचं, हे त्याला कळत होतं. तू यातलंच काहीतरी शिकायला तिकडे गेली आहेस.

हा माणूस आला कुठून तेही बघ. जन्म 1945, न्यू साउथ वेल्समधलं ब्रुवारिना हे लहानसं गाव, आदिवासी कुटुंब. हातात आलेला पहिला कॅमेरा आईचा, कोडॅक. 1963 मध्ये सिडनी मॉर्निंग हेराल्डमध्ये ते शिकाऊ छायाचित्रकार म्हणून लागले. त्या देशातल्या मोठ्या शहरी दैनिकात काम करणारे ते पहिले आदिवासी छायाचित्रकार. लक्षात घे, देशाच्या जनगणनेत आदिवासींची पूर्ण गणना करायला घटनेचा अडसर होता आणि तो दूर झाला 1967 च्या सार्वमताने. म्हणजे हे पोर कॅमेरा गळ्यात घालून शहरभर फिरत होतं तेव्हा देशाच्या हिशेबात त्याची नीट मोजदादही नव्हती.

एवढा मोठा गौरव होऊनही त्यांना बढती मिळाली नाही. ते 1974 मध्ये सरकारी खात्यात गेले त्याला हीच पार्श्वभूमी होती. वॉटी क्रीकला ते हजर होते ते त्या नोकरीमुळे. पुढे 1979 मध्ये ते पुन्हा हेराल्डमध्ये आले, आणि 1986 पासून स्वतंत्रपणे काम करू लागले.

आता माझं म्हणणं. तुमच्या वर्गातला वाद माती एकदा ओतली की दोनदा, यावर अडकला आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तो फोटो बघणाऱ्याला वाटतं, झालं, जमीन मिळाली. पण त्या दिवशी लिंगियारींच्या हाती पडला तो भाडेपट्टा, सुमारे 3,200 चौरस किलोमीटरचा. मालकी नव्हे. पट्टा आणि मालकी यांत काय अंतर असतं ते मी नोकरीत रोज पाहिलं आहे. पट्ट्याला अटी असतात, अटी मोडल्या असं ठरवायला एक साहेब पुरतो. अवघ्या तीन महिन्यांनी, 11 नोव्हेंबर 1975 ला, गव्हर्नर जनरलनी, म्हणजे राणीच्या तिथल्या प्रतिनिधीने, व्हिटलम यांना पदावरून दूर केलं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा 1976 मध्ये त्यांच्यानंतरचे पंतप्रधान फ्रेझर यांच्या सरकारने मंजूर केला. गुरिंजींना त्या जमिनीची खरी मालकी मिळायला 1986 उजाडलं. लिंगियारी 1988 मध्ये गेले. वीस वर्षं लागली त्या माणसांना, आणि फोटोत ती एका क्षणाची वाटतात. हा बिशप यांचा दोष मी मानत नाही, फोटोला एवढंच धरता येतं. पण म्हणूनच फोटोखालची ओळ फोटोइतकीच नेकीने लिहायला हवी. हा फोटो कुणाला दाखवशील तेव्हा पट्ट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहू नकोस.

बिशप यांना ते अंतर ठाऊक होतं, हे त्यांच्या 1988 च्या कामात दिसतं. न्यू साउथ वेल्समधल्या बर्न्ट ब्रिज या आदिवासी वस्तीत जाऊन त्यांनी जे काढलं ते मला मातीच्या फोटोहूनही मोठं वाटतं. चहा ओतणारी एक मुलगी. साचलेल्या पाण्यात पडलेल्या विजेच्या वायरीजवळ उभी असलेली एक बाई. तिथे पंतप्रधान नाहीत, समारंभ नाही. पण हक्काच्या कागदानंतर माणसं कशी राहतात, हे त्यात आहे. वॉटी क्रीकच्या फोटोला जगभर मान मिळाला, या फोटोंकडे लोक भरभर पुढे जाताना बघतात, आणि मला ते खटकतं.

त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन सिडनीत 1991 मध्ये भरलं, त्याची मांडणी ट्रेसी मॉफॅट या आदिवासी कलावंत बाईंनी केली होती. ज्या दिवशी त्याचं उद्घाटन झालं त्याच दिवशी त्यांच्या पत्नी कर्करोगाने गेल्या. वाचताना मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तरीही हा माणूस पुढे शिकवत राहिला, आदिवासी मुलांच्या हाती कॅमेरे देत राहिला. 2000 साली त्यांना रेड ऑकर हा आदिवासी कलावंतांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. तुझ्या आईला काळजी असते की या कामात तुझं पोट कसं भरेल. मी तिला बिशप यांची सगळी हकीगत सांगितली. नोकरी, सरकारी खातं, पुन्हा नोकरी, शिकवणं, सिनेमाच्या सेटवर फोटो काढणं, काय काय करून त्यांनी कॅमेरा हातात ठेवला ते. ती म्हणाली, मग सायलीलाही शिकवायची तयारी ठेवायला सांग. तसं तुला कळवतो आहे, आणि मलाही ते पटतं.

न्यू साउथ वेल्सच्या आर्ट गॅलरीत तो फोटो आहे. जमलं तर प्रत्यक्ष प्रिंटसमोर उभी राहा, मोबाइलवर त्या मातीचा रंग कळत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा आपण पाटणकडे जाऊ. कोयना धरणासाठी ज्यांची गावं उठली त्यांच्यातल्या अनेकांच्या जमिनीचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत, आणि त्यांतली काही म्हातारी माणसं मला नोकरीपासून ओळखतात. त्यांचे फोटो काढावेत अशी माझी फार इच्छा आहे. पण पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे, नुसतं बसून ऐक. मी आधी जाऊन त्यांची परवानगी घेऊन ठेवतो. प्रिंट काढून प्रत्येकाच्या घरी पोचवायचा खर्च माझ्याकडे. कधीचं तिकीट काढते आहेस ते कळव, म्हणजे तसा निरोप धाडतो.

तुझे
बाबा